काटेरी तार आणि मी सांगितलेली बँक

मुलांनो, ‘वेस्टर्न’ म्हणजे नेमका कसला सिनेमा, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा घोडे, टोप्या, बंदुका असं काहीबाही सांगून मी विषय बदलला. का बदलला ते लिहून कळवते. बोलून सांगणं मला जमलं नसतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहत होतो. तुमचे बाबा तिसरीत होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या महिला मंडळाने एका रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पौराणिक सिनेमा ठेवला. उजेड अडवायला खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. पन्नास-साठ बायका मुलाबाळांसह येऊन बसल्या. ऑपरेटरने नागपूरहून आलेली पेटी उघडली, तर आत भलतीच रिळं. इंग्रजी सिनेमा.

“दाखवाचं असन तं हेच हाये,” तो म्हणाला. “नाईतर मी गुंडाळतो.”

मंडळाच्या अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. “गुंडाळता काऊन? आपल्या बाई हायेत ना. त्या सांगतीन सारं.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी उठून पडद्याच्या बाजूला उभी राहिले.

पाच मिनिटांतच लक्षात आलं, की मला एकही वाक्य धड समजत नाही. माझं इंग्रजी पुस्तकातलं. ही माणसं ओठ न हलवता नाकातून बोलत होती. पण कॉलेजात असताना असे दोन-तीन सिनेमे मी पाहिले होते आणि त्यांचा साचा मला ठाऊक होता: उजाड मुलूख, एका रस्त्याचं गाव, नावापुरता कायदा, लांबून आलेला एकटा माणूस आणि शेवटी बंदुकीने लागणारा निकाल. त्या साच्यात मी मनाने गोष्ट भरत गेले. “हे डाकू आहेत. बँक लुटायला आलेत. हा शेतकरी त्यांना घाबरून आहे.” बायका माना डोलवत होत्या, तसतसा माझा आवाज चढत होता.

आमच्या शेजारच्या मावशी पुढेच बसल्या होत्या. त्या भाजीपाला पिकवून बाजारात विकायच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “बाई, हे डाकू नाई वाटत. ह्यायची तं ढोरं हायेत. त्यानं वावराले तार लावली, म्हणून भांडून राह्यले.”

“काऊन वो मावशी, तुमाले इंग्रजी कधीपासून येऊन राह्यली?” मागून कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या.

“इंग्रजी कायले लागते? तारेकडे बोट दाखवून राह्यला ना तो. माह्या मेथीत म्हशी शिरल्या, तवा मीनंबी असंच बोट दाखवलं होतं.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो मावशींच्या बाजूचा होता. मला तो झोंबला. “तुम्हाला एवढं समजतं, तर तुम्हीच या इथे,” मी म्हणाले. “मी खाली बसते.” शाळेतल्या मुलीला सुनावावं, तशा आवाजात म्हणाले. मावशींनी पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली.

थोड्या वेळाने पडद्यावर घोडेस्वारांनी तार तोडली आणि गुरांचा लोंढा उभ्या पिकात घुसला. वेस्टर्न कशाला म्हणायचं, हे मी नंतर पुष्कळ वाचलं. त्यातल्या कितीतरी सिनेमांचा गाभा हाच असतो: एकाला मोकळं कुरण हवं, दुसऱ्याला कुंपणातलं शेत, आणि जमीन कुणाची हे ठरवणारा कायदा अजून तिथवर पोचलेला नसतो. त्या दोघांच्याही आधी जमीन ज्यांची होती, ती माणसं बहुतेकदा डोंगरावरून ओरडत येण्यापुरतीच दिसतात. मावशींनी गाभा ओळखला होता. मी नुसत्या टोप्या ओळखल्या होत्या.

“बाई, मंग ते बँक कुठं गेली?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच मावशी म्हणाल्या, “येईन ना पुढं. मीच मंधात बोलली, त्यायचं ध्यान उडालं.”

खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. मी “हो” म्हणाले आणि उरलेला सिनेमाही तसाच मनाने सांगितला. बँक शेवटपर्यंत आली नाही. त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही.

माफी मागायची मी रोज ठरवत होते. मावशी कुंपणापलीकडून मेथीची जुडी देत, मी ती घेई आणि स्वयंपाकाला लागे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे टीव्ही आला. त्या कधीमधी येऊन दाराशी बसत. एकदा शेतीचा कार्यक्रम लागला होता, मराठीत, वांग्यावरच्या किडीबद्दल. मी मुद्दाम विचारलं, “मावशी, हा सांगतो ते बरोबर आहे का?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “तुम्हीच सांगा बाई,” त्या म्हणाल्या. “मले त्यातलं काय समजते?”