नऊ नंबरची लाल ओळ

संगणकखोलीतल्या बाईंना मुलं पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षं त्या शाळेच्या इंटरनेटवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होत्या. कोणते शब्द अडवायचे याची यादी त्यांनीच एकेक करून टाइप केलेली. घाणेरडे शब्द, जुगार, मारामारी; एवढंच काय, 'मरतो' आणि 'मेला'सुद्धा. "नको ते शोधलं की नको ते सुचतं," असं त्यांचं म्हणणं. स्वतःची दोन पोरं वाढवताना देवापुढे हात जोडण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं. इथे निदान यादी होती. अडवलेला शब्द आला की पडदा लाल व्हायचा: 'हे पान बंद आहे. तुमची नोंद झाली आहे.'

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्या दिवसाच्या लाल नोंदी वाचत. त्या दिवशी पहिलाच घास हातात राहिला.

नऊ नंबरचा संगणक, तिसरा तास: 'साखरेची गोळी दोनदा दिली तर माणूस मरतो का'. दोन मिनिटांनी पुन्हा: 'म्हातारा माणूस गोळी जास्त झाली मरतो का काय करायचं'. पुढे काहीच नाही.

तक्त्याप्रमाणे नऊ नंबरवर वर्गाची मॉनिटर बसते. बाईंनी तिला बोलावलं, तर तिचे डोळे भरूनच आले.

"शप्पथ बाई, मी नाही! नऊचा माऊस अडकतो, म्हणून मी जागा बदलली. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही."

"मग तिथे कोण बसलं?"

"मुंगी."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. ती नळावर बाटली भरत होती. बाईंना धावत येताना पाहिलं आणि बाटली भरून वाहू लागली तरी तिने हात काढला नाही.

"बाई, मी वाईट काही शोधलं नाही."

"ते मरू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. "घरी कोण आहे?"

"आजोबा. एकटेच. त्यांना डायबेटिस आहे. आईने सात वाजता कामावर जाताना त्याची गोळी दिली होती. मला माहीत नव्हतं, मी पण दिली. आणि त्यांनी खाल्लं काहीच नाही."

"अगं, मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"संगणकाला विचारलं ना. तो म्हणाला, नोंद झाली."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सकाळी सातची गोळी, आता बारा वाजत आलेले. मुंगीला समोरच्या काकूंचा नंबर पाठ होता. शाळेच्या ऑफिसातून काकूंना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. मुख्याध्यापिका आत आल्या.

"काय गोंधळ आहे? कुणाची नोंद झाली? नाव लिहून द्या मला."

"मॅडम, आधी माणूस, मग नाव! तुमच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलवा. पत्ता ही पोर सांगेल."

असा आवाज चाळणीने आजवर कधी काढला नव्हता. मॅडमनी फोन काढला, मुंगीने पत्ता सांगितला, ॲम्ब्युलन्स निघाली.

चौथ्या खेपेला काकूंनी उचलला. त्यांच्याकडे जादा किल्ली होती. दार उघडल्याचा आवाज आला, मग काकूंचा घाबरा सूर: "अहो, घामाने निथळतायत! मला आपली बहीण समजतायत!"

"गिळता येतंय का बघा. घोटभर पाणी जातंय? मग पाण्यात साखर कालवा, भरपूर, आणि थोडं थोडं पाजा. फोन ठेवू नका."

मग नुसता पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज. मुंगीने बाईंचा पदर मुठीत धरला होता. बाईंचे ओठ हलत होते. नाम चाललं होतं की मिनिटं मोजणं, ते त्यांनाच ठाऊक. घंटा झाली, वर्ग भरले. ऑफिसातून कुणी हललं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. तिकडून खाकरल्याचा आवाज आला, पाठोपाठ खरखरीत, चिडका सूर: "कोण आहे फोनवर? शाळेतून? कार्टे, तास बुडवून गप्पा मारतेस होय?"

मुंगीने असं भोकाड पसरलं की दोन वर्गांतली पोरं दारात आली. बाईंनी तिला गप्प बस म्हटलं नाही. त्या तिथेच, फरशीवर, तिच्याशेजारी बसल्या.