माशांच्या यंत्रात बटाटे

आधी चहा घ्या. मी आता माझ्या अकलेची जी वरात काढणार आहे, ती कोरड्या घशानं ऐकण्यासारखी नाही!

बारामतीत माझं लोखंडी सामानाचं दुकान. शाळा सातवीतच सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणूस पायरी चढायला लागला की मला कळतं, हा खिळे घेणार की नुसता भाव विचारून शेजारच्या दुकानात जाणार. दोन गोष्टींचा मला भारी अभिमान. एक म्हणजे, माणूस ओळखण्यात मी चुकत नाही. आणि दुसरी, वाचल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही.

या दोन्ही अभिमानांची माती एकाच दिवशी, भिगवणात झाली.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. भिगवणहून एक बाई दुकानात यायच्या, मालनबाई. कधी जाळीचा तुकडा घ्यायच्या, कधी सायकलची जुनी चेन. एकदा तर म्हणाल्या, "शेठ, पत्र्याचं पिंप हाय का? गळकं असलं तर लईच चांगलं."

गळकं पिंप मागणारं गिऱ्हाईक मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं! विचारलं, "बाई, करता काय याचं?"

"मासं साफ करायचं यंतर."

उजनीच्या पाण्यात चिलापी नावाचा मासा निघतो. त्याचे खवले, म्हणे, नखासारखे कडक. हायवेवरच्या हॉटेलांसाठी मालनबाई आणि त्यांच्या वस्तीतल्या चार बाया दिवसभर सुरीनं ते खवले काढायच्या. बाईंनी हात पुढं केला. बोटांवर इतक्या चिरा, की रेघा कुठल्या आणि जखमा कुठल्या ते समजेना. त्या हाताकडं बघूनच बाईंनी डोकं चालवलं होतं. पिंपाला भोकं पाडायची, आतून सोड्याच्या बाटल्यांची दातेरी झाकणं ठोकायची आणि पिंप जुन्या सायकलवर आडवं बसवायचं. मासे घाला, पाणी ओता आणि मारा पायडल!

मी थक्क झालो. मी झाकणं फेकून देतो, या बाईनं त्यांचा कारखाना केला!

त्याच सुमाराला सरकारची एक योजना आली होती. खेड्यातल्या गरीब माणसानं स्वतःच्या डोक्यानं काही यंत्र केलं असेल, तर साहेब येऊन पाहणार. पसंत पडलं की अनुदान आणि बँकेचं कर्ज. मालनबाईंना तशी पाच यंत्रं करायची होती, पाचजणींना एकेक, आणि हायवेला एक शेड. नाही झालं तर आहेच पुन्हा सुरी आणि त्या चिरा.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा. सरकारी काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

हे वाक्य ध्यानात ठेवा.

अर्ज मी भरला. जिल्ह्याच्या कचेरीत द्यायलाही मीच गेलो, पुण्याला, यष्टीनं. सोमवारी. गेलो तर साहेब जेवायला बसलेले. सामंतसाहेब. कपाळाला गंध, टेबलाच्या काचेखाली शंकराची तसबीर आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी! शिपायानं वडापाव पुढं केला, तर साहेब अंग आखडून म्हणाले, "छे छे, मला चालत नाही."

योगायोग बघा, बायकोनं दिलेला माझा डबा उघडला, तर आतसुद्धा खिचडीच! साहेब हसले, मी हसलो. दोघांनी शेजारी बसून खिचडी खाल्ली. आणि माझ्यातला माणूस ओळखणारा जागा झाला. हा माणूस पक्का शाकाहारी! नुसता शाकाहारी नाही, सोवळ्यातला. वड्याचा वाससुद्धा सहन होत नाही!

आणि याला आपण मासे दाखवणार? फाईल तिथंच बुडाली की हो!

मी स्वतः जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरी कांदा-लसूण चालतो, पण बाजारात मासळीवाल्याची पाटी दिसली की आम्ही सहकुटुंब रस्ता ओलांडतो. साहेबांचं दुःख मला नाही कळणार तर कुणाला?

साहेबांनी तारीख दिली, पुढच्याच्या पुढच्या बुधवारची. मी परतताना तडक भिगवणला उतरलो.

"मालनबाई, घात झाला. साहेब शाकाहारी आहेत. मासा नजरेला पडता कामा नये."

"अवो शेठ, मासं साफ करायचं यंतर हाय. मासा न्हाय तर दावायचं काय?"

"बटाटे!"

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "बटाट्याला खवलं असत्यात व्हय?"

"साल तर असते! साल ती साल. यंत्र चालतंय एवढं दिसलं म्हणजे झालं. सरकारी माणसाची नाडी मला ठाऊक आहे."

"तुमी शिकल्याली माणसं," बाई म्हणाल्या. सातवी नापासाला कुणी 'शिकलेला' म्हटलं की तो काय काय करून बसतो, विचारू नका.

बुधवारी सकाळीच मी भिगवणात हजर. पाच किलो बटाटे, सहा पुडे उदबत्ती आणि शिकेकाईचं पाकीट. यंत्र शिकेकाईनं घासून घेतलं, वर गुलाबपाणी शिंपडलं. पाहणी व्हायची होती तात्यांच्या हॉटेलमागच्या आवारात. तात्या म्हणजे भिगवणातलं जुनं खोड. यंत्र पास झालं तर सगळे मासे मालनबाईंकडंच साफ करायला देणार, असा शब्द त्यांनी दिलेला.

मी म्हटलं, "तात्या, आज दुपारपर्यंत मासा बंद."

"काय?"

"मासा बंद. पिठलं टाका. बटाट्याची सुकी भाजी करा."

"शेठ, लोक पुण्यासनं गाड्या काढून हितं पिठलं खायला येत्यात व्हय? येडं का खुळं!"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, तात्या. एका बाईच्या जन्माचं कल्याण आहे!"

तात्या कुरकुरत कबूल झाले. हॉटेलच्या पाटीवर भलाथोरला मासा रंगवलेला होता. त्याच्यावर मी गोणपाट बांधलं. शेपटी बाहेर राहत होती, तिला झेंडूची माळ घातली.

अकराच्या सुमाराला साहेबांची जीप आली. साहेब उतरले आणि उतरताच त्यांनी लांब श्वास घेतला. इकडं वळून एक, तिकडं वळून एक. तोंड उतरलं.

मी ओळखलं, वास राहिला! धावत जाऊन आणखी दोन पुडे पेटवले. साहेबांनी पुन्हा हुंगलं, तोंड आणखी उतरलं. मी आणखी एक पुडा पेटवला. शेवटी साहेब खोकायला लागले.

"शेठ," रुमालानं डोळे पुसत साहेब म्हणाले, "इथं हॉटेलात आज आहे काय?"

"काळजीच सोडा साहेब! शुद्ध पिठलं-भाकरी!"

साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मला त्या वेळी समाधान वाटलं.

पाहणी सुरू झाली. मालनबाईंनी पिंपात बटाटे ओतले, पाणी घातलं आणि पायडल मारायला लागल्या. खडखडखडखड! पिंपातून पांढरं पाणी गळायला लागलं. मी ओरडलो, "अजून मारा! साहेबांना गती दिसू द्या!" बाई बिचाऱ्या मारत राहिल्या. झाकण उघडलं, तर आत काय? बटाटे गेले होते आणि बोरं उरली होती! पाच किलोची झाली होती दीड ओंजळ. चिलापीचे खवले काढणारे ते दात, बटाट्याचा त्यांच्यापुढं काय निभाव लागणार!

साहेबांनी एक बोर उचलून पाहिलं. फाईल उघडली. म्हणाले, "अर्जात लिहिलंय, मासे साफ करण्याचं यंत्र. हे तर बटाटे संपवायचं यंत्र आहे."

"साहेब, साल ती..."

"नाही शेठ. जे लिहिलंय तेच मी बघू शकतो. मला एक वाजता निघायचंय. मासे साफ होताना दिसले नाहीत, तर मी 'दिसले नाहीत' असंच लिहिणार." आणि खिशातलं पेन काढलं.

मी मालनबाईंकडं पाहिलं. त्या सायकलच्या सीटवरच बसून होत्या, चिरांचे दोन्ही हात हँडलवर. मंडळी, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं! बाजार सकाळीच उठलेला. तात्यांचा मासा मीच बंद केलेला. उजनीच्या काठावर, भिगवणात, मासा मिळेना! हा विक्रम माझ्या नावावर आहे.

इतक्यात बाई उतरल्या. "सायेब, पाच मिंटं थांबा." भिंतीआड गेल्या आणि ओल्या पोत्याखाली झाकलेलं घमेलं घेऊन आल्या. पोतं सारलं. आत चिलापी! पहाटेची, लखलखीत, एखादी अजून शेपूट हलवणारी.

मी कळवळलो. "बाई, हे कधी आणलंत?"

"पहाटंच. तुमच्यावर भरवसा हुता शेठ, पर बटाट्यावर न्हवता."

आणि मी काय करावं? दोन्ही हात पसरून साहेबांच्या पुढ्यात आडवा उभा राहिलो! "साहेब, डोळे मिटा! तुमच्यासारख्या माणसानं हे बघू नये!"

"शेठ, बाजूला व्हा!" साहेब गरजले. "तास झाला, मी भिगवणात येऊन मासा शोधतोय!"

साहेब चक्क घमेल्यापाशी उकिडवे बसले. लहान मुलानं खेळणं उचलावं तसा त्यांनी एक मासा उचलला. कल्ला वर करून बघितला. "व्वा! ताजा आहे हं!"

मासे पिंपात पडले. बाईंनी पायडल मारलं. झाकण उघडलं, तर खवले तिथंच आणि प्रत्येक माशाला वरून बटाट्याचा लगदा थापलेला. माझ्या बटाट्यांनी भोकं बुजवली होती!

साहेब म्हणाले, "बेसनाची सोय करा, आता फक्त तळायचं राहिलंय."

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिंप उलटं केलं, चार बुक्क्या घातल्या, डोक्याची पिन काढून एकेक भोक मोकळं केलं, बादलीभर पाणी मारलं आणि पुन्हा चढल्या. या वेळी भोकांतून चांदीचा पाऊस उडाला! साहेबांच्या शर्टावर खवले, गंधावर खवले. मासे निघाले ते गुळगुळीत, तळहातावर ठरेनात.

साहेबांनी ते हातात धरून बघितले, मग बाईंच्या बोटांकडं बघितलं. आवाज जरा उतरला त्यांचा. "मी वेंगुर्ल्याचा. माझ्या आईची बोटं अशीच होती. हे तेव्हा पाहिजे होतं."

मग स्वतः सायकलवर चढून त्यांनी दोन घाणे काढले.

जेवायला बसलो. साहेबांनी तात्यांना सांगून तेच मासे रस्सा करायला लावले. तात्यांनी पाटीवरचं गोणपाट असं काही ओढलं, की जणू माझंच धोतर ओढतायत. साहेबांपुढं चिलापीचं ताट, माझ्यापुढं बोरांएवढ्या बटाट्यांची भाजी. मला राहवेना.

"साहेब, पण त्या दिवशी कचेरीत? खिचडी? वडापाव नको म्हणालात?"

साहेबांनी काटा बाजूला ठेवला. "शेठ, तो सोमवार होता. सोमवारी माझा उपास असतो. आज बुधवार! बुधवारी मासा सोडला तर आमच्या घरात डॉक्टर बोलावतात."

जेवता जेवताच साहेबांनी तपासणीचा कागद पुढं ओढला. मालनबाईंना एकेक प्रश्न विचारून लिहायला लागले. एका प्रश्नाला बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. साहेबही हसले आणि लिहिलं. मग कागद माझ्याकडं सरकवला, "शेठ, साक्षीदार म्हणून सही." तोंडात बटाटे, डोळ्यांत उदबत्तीचं पाणी, वर मनातून सुटल्याचा आनंद. ठोकली सही! खिशात दुकानाचा शिक्का होता, तोही उठवला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, सोमवारी मी तुम्हाला खिचडी का दिली होती? माझा उपास म्हणून! वीस वर्षं दर सोमवारी तीच खाताय. मग तुम्हाला काय वाटत होतं?"

काय वाटत होतं? खरं सांगू? मला वाटायचं, हिला सोमवारी स्वयंपाकाचा कंटाळा येतो.

पुढं दोनेक महिन्यांनी मालनबाई दुकानात आल्या, पेढे घेऊन. मंजुरी आली होती, पाचही यंत्रांना. जाळी, चेन, पत्रा, सगळी यादी माझ्याच दुकानातून घेतली. मी गळ्यापर्यंत फुगलो. म्हटलं, "बघा बाई, म्हटलं नव्हतं? डाव्या हातचा मळ!"

बाईंनी पिशवीतून मंजुरीच्या कागदांची नक्कल काढली आणि गल्ल्यावर ठेवली. "साक्षीदाराला एक दे म्हनलं हुतं सायबांनी."

चष्मा लावून वाचायला लागलो. यंत्र उपयुक्त, स्वस्त, शिफारस. वा! शेवटचा रकाना होता, 'उद्योग उभारताना आलेली मुख्य अडचण'. पुढं साहेबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं :

'न मागता मिळणारा सल्ला. सल्लागार पाहणीच्या वेळी जागेवर हजर. त्याची सही खाली घेतली आहे.'

आणि खाली माझी सही. दुकानाच्या शिक्क्यासकट.