फ्लेक्सवरची नात

“बाई, विलायती माणसाची माफी कशी मागत्यात?” नाना सुभेदार पहिल्यांदा माझ्या दारात आले ते हा प्रश्न घेऊन. मी कुंडलच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून माझ्याकडे.

नानांचा मुलगा जर्मनीत, सून क्लारा तिथलीच. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला नानांनी चौकात दहा फुटी फ्लेक्स लावला. मध्ये नात, कडेने सगळी भावकी. गावाच्या ग्रुपवरून तो फिरत फिरत क्लारापर्यंत पोहोचला. तिने नातीचा फोटो फक्त घरच्यांसाठी पाठवला होता. रविवारचा व्हिडिओ कॉल बंद झाला. मुलगा म्हणाला, “तुमचं तुम्ही निस्तरा.”

“आवं, लेकराचं कौतुकच केलं न्हवं?”

“तिला विचारलं होतं?”

“आपल्याच नातीचं कुणाला इचारायचं?”

“मग माफी कशाची मागताय?” मी म्हणाले. नाना चहा न घेताच उठले. दुसऱ्या दिवशी आले ते फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून.

मग ते घरोघर गेले. समोर बसून प्रत्येकाच्या फोनमधला फोटो पुसून घेतला. पुतण्या म्हणाला, “नाना, सुनंला एवढं भ्यायचं?”

“तिला न्हाई रं. नात दिसायची न्हाई, त्येला भितो.”

रोज संध्याकाळी ते मला मजकूर सांगत आणि मी तो क्लाराला इंग्रजीत पाठवी. “आज नऊ घरं झाली. एकानं ऐकलं न्हाई.” शेवटचं वाक्य गाळू या, असं मी सुचवलं. “न्हाई बाई. खोटा रिपोर्ट द्यायचा न्हाई.”

क्लारा मेसेज वाचत होती, उत्तर देत नव्हती. नाना दिवसातून तीनदा येत. “काय आलं का?” त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

पाचव्या रविवारी कॉल आला. क्लारा एकटीच दिसत होती. मागून पोरीचा आवाज येत होता. “दाखव म्हणू का?” मी हळूच विचारलं.

“नगं. ती दाखवंल तवा.”

तिने दाखवली ती महिन्याभराने. नानांनी फोन डब्याला टेकवला आणि दोन्ही हात कानाशी वर धरले. “सांगा तिला, फोटू काढत न्हाई.” पुढे प्रत्येक कॉलला ते असेच बसत. क्लारा हसून हात खाली घ्या म्हणायची. ते घेत नसत.

गेल्या थंडीत नाना गेले. क्लाराने मला विचारलं, आजोबांबरोबर मुलीचा एखादा फोटो आहे का, कॉलवरचा असला तरी चालेल, मोठी झाल्यावर तिला दाखवायला हवा.

मी नानांचा फोन दोनदा तपासला. एकही नव्हता. तसं कळवलं.