पंखा गुरगुरत होता, दोष मात्र जमनाताईंना

मागच्या आठवड्यात तळोद्यात, माझ्याच घरात, मी हेडफोन टेबलावर आपटला. नंतर उचलून पाहिला, तुटला नव्हता... राग मात्र अजून तसाच आहे. म्हणून लिहितेय.

इथे नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. डोंगरातली मुलं पहिलीत येतात तेव्हा त्यांना मराठी कळत नाही. म्हणून त्यांच्या घरच्या भाषेत, भिलीत, गोष्टी रेकॉर्ड करून शाळांना द्यायच्या, असं एका संस्थेचं काम आहे. गोष्टी जमनाताई सांगतात. रेकॉर्डिंग आणि एडिटिंग मी करते, घरीच, मागच्या खोलीत.

जमनाताई अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात, एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस आहेत. जीपमध्ये अंग चोरून बसून येतात, पाणी पितात आणि थेट माइकसमोर बसतात. मला 'तू' म्हणतात... ते मला फार आवडतं.

अडचण होती माझ्या जुन्या कम्प्युटरची. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी भिंतीला हात लागला तरी चटका बसतो. त्यात हा डबा तापला की आतला पंखा असा काही सुटायचा की आमचे हे एकदा दारातूनच अहिराणीत ओरडले, "हाई कम्प्युटर शे का पीठनी गिरनी?"

आवाज नको म्हणून आम्ही कूलर बंद करायचो, छताचा पंखा बंद करायचो आणि घामाने निथळत बसायचो. पण कम्प्युटरच कसा बंद करणार? रेकॉर्डिंग त्याच्यावरच व्हायचं.

"तुझं हे यंत्र माझ्या आधीच बोलायला लागतं," जमनाताई म्हणायच्या. मग त्याच्या वर आवाज चढवून गोष्ट सांगायच्या.

ती घरघर मी सॉफ्टवेअरने पुसायचे. पण घरघरीबरोबर शब्दांचे हळुवार शेवटही पुसले जायचे. हे मी संस्थेला दोनदा कळवलं होतं, कम्प्युटरचं काही करता येईल का, असंही विचारलं होतं... उत्तर नाही.

उत्तर आलं ते असं. फाइल तपासणाऱ्या सरांचा फोन. "मॅडम, बाईंचे उच्चार स्पष्ट नाहीत. या लोकांचं बोलणंच जरा तसं असतं ना... पुढच्या गोष्टींना एखादी शिकलेली मुलगी बघू."

या लोकांचं! ज्यांना भिलीतला एक शब्द कळत नाही, ते भिलीचे उच्चार तपासणार. मी म्हटलं, सर, दोष माझ्या मशीनचा आहे, ताईंचा नाही. तर म्हणाले, "बरं, बाईंना आणखी एक संधी देऊ." संधी! हेडफोन तेव्हा आपटला.

जमनाताई समोरच बसलेल्या. सरांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण माझं उत्तर ऐकलं होतं आणि माझा चेहराही त्यांनी वाचला. "माझं बोलणं खराब आहे काय?" मी नाही म्हणून मान हलवली. "आमच्या पाड्यावरची पोरं तर ऐकतात. परत सांग म्हणतात." एवढं बोलून पिशवी उचलली आणि जीप गाठायला निघाल्या. पुढच्या वेळी येईन, असं काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो डबा गाडीत टाकून मी नंदुरबारला गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे पाहिलं. "साहेब नाही आले?" मग रंगीत दिव्यांचे पंखे दाखवायला लागला. "मुलगा गेम खेळतो ना मॅडम? एकदम भारी दिसेल."

म्हटलं, मला उजेड नको, शांतता हवी. मोठा, सावकाश फिरणारा पंखा द्या, प्रोसेसरवर मोठा कूलर बसवा, त्याची उष्णता ओढणारी पेस्ट नवी लावा, आणि करकरणारी हार्ड डिस्क काढून बिनआवाजाची एसएसडी टाका. रॅमही वाढवा, एडिटिंगला अडकतं. तो हसला. "एकदा साहेबांशी बोलून घेऊ का?"

मी यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "भाऊ, माले काय ईचारतस? ती जे सांगस ते दे!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही... पण सामान मिळालं.

घरी आणून सुरू केलं तर चालू झालाय की नाही हेच कळेना. दिव्याकडे बघावं लागलं.

जमनाताईंना जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला होता. येतील असं वाटत नव्हतं. आल्या. माइकसमोर बसून वाट बघत राहिल्या. "चालू नाही केलं का?" म्हटलं, कधीच केलंय. त्यांनी वाकून डब्याला कान लावला... आणि मग इतक्या हलक्या आवाजात गोष्ट सुरू केली, की जणू लेकरू मांडीवर आहे आणि त्याला झोप येतेय. मला सगळे शब्द कळत नव्हते, तरी डोळे भरून आले. इतके दिवस आम्ही या बाईला ओरडायला लावत होतो.

फाइल पाठवली. सरांचा मेसेज आला. "व्वा! बाईंनी चांगली प्रॅक्टिस केलेली दिसते. उच्चार खूपच सुधारले. पुढच्या सगळ्या गोष्टी त्यांच्याकडूनच घ्या."

घरात सगळे म्हणाले, झालं ना मनासारखं? काय झालं मनासारखं! मी लगेच लिहिलं, "सर, ताईंचे उच्चार पहिल्यापासून हेच आहेत. सुधारला तो कम्प्युटर. 'अस्पष्ट उच्चार' हा तुमचा शेरा जुन्या फाइलींवरून काढून टाका."

जमनाताई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, तुम्ही सुधारलात म्हणे. त्या खूप हसल्या. "मग त्याला सांग, आता तू सुधर."

शेरा अजून निघालेला नाही. निघेपर्यंत मी विचारत राहणार, कितीही कंटाळा येवो सरांना.

जमनाताई हे वाचणार नाहीत, त्यांच्या पाड्यावर रेंज नसते. तरी लिहिते... ताई, एवढं होऊनही तुम्ही परत आलात. आला नसतात, तरी मी तुम्हाला बोल लावला नसता.