गोरोबाकाकांचा पाव फेरा

पहिल्या भेटीत गोरोबाकाकांनी माझी विचारपूस केलीच नाही. माझ्या गाडीच्या टाकीची केली. जळकोटला हायवेलगतच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत मी बंद पडलेली मोटारसायकल ढकलत आणली होती. काकांनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, काडीनं पेट्रोलचा थेंब मनगटावर सोडला आणि तो उडून जाईपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

"टाकीत उन्हाळ्याचं पेट्रोल, अन् स्क्रू अजून थंडीतच बसलाय. गाडी कशी चालावी?"

कार्बुरेटरचा हवेचा स्क्रू त्यांनी पाव फेरा सैल केला. पहिल्याच किकला गाडी सुरू! मी लग्नात माइकवर बोलणारा माणूस. दोन्ही हात पसरून तिथंच सुरू झालो, "मंडळी, साक्षात पेट्रोलचे वैद्य..."

"माइक बंद करा, वक्ते," काका म्हणाले. "गाडी काय म्हंती ते ऐकू द्या."

थंडीतलं पेट्रोल हलकं, चटकन उडणारं. उन्हाळ्यातलं जड, हा त्यांचा हिशेब. दिवाळी झाली की हवा पाव फेरा कमी, होळी झाली की पाव फेरा जास्त. "गाडीला बी स्वेटर असतो वक्ते. दिवाळीला घालायचा, होळीला काढायचा." धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी शेडपुढं गाड्यांची रांग लागे, निम्म्या गिऱ्हाइकांच्या कानांत अजून हिरवा रंग असे.

मला खोड्या काढल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा मी चहाच्या टपरीसमोर बाकडं मांडलं, गर्दी जमवली आणि काकांपुढं पेट्रोलच्या तीन बाटल्या ठेवल्या. "ओळखा, कुठली कुठल्या महिन्याची!" काकांनी तीन थेंब घेतले आणि हसले. "तिन्ही एकाच कॅनमधलं हाय. आजच भरलंय. अन् कॅन तुमच्या मागं लपवलाय." लोकांनी मला धू धू धुतलं. मला इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मग एका होळीनंतर गाड्या परत येऊ लागल्या. पाव फेरा दिलेली गाडी तामलवाडीपर्यंत जाऊन आचके द्यायची, तापायची, चढावर मरायची. काकांनी कार्बुरेटर धुतले, प्लग बदलले, पुन्हा पाव फेरा दिला. गाड्या आणखी बिघडल्या.

"काका, वय झालं तुमचं," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"व्हय," काका म्हणाले, आणि स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले.

त्यांचा चेहरा उजळावा म्हणून मी पुन्हा तमाशा मांडला. तेच बाकडं, त्याच तीन बाटल्या, एकाच कॅनमधल्या. भर मे महिना. काकांनी थेंब घेतला. पुसला. पुन्हा घेतला. "हाताला गार लागतंय म्हंजी थंडीचं... पण वास थंडीचा न्हाय." कपाळावर घाम आला. तिसऱ्या बाटलीपाशी हात थांबला. "वक्ते, माझं नाक गेलं."

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मला वाटलं, ते मला फसवताहेत.

त्यानंतर त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. पंक्चर काढायचे फक्त. टाकी उघडायची वेळ आली तर तोंड फिरवायचे.

दोन वर्षांनी एका लग्नात वऱ्हाडातले एक गृहस्थ जेवताना सहज बोलले. ते मळीपासून स्पिरिट काढण्याच्या कामावर होते. "आता पेट्रोलात पाचवा हिस्सा आमच्या स्पिरिटचाच. हातावर घेतलं तर गार लागतं. जुन्या गाडीला त्यात हवा कमी द्यावी लागते, नाहीतर उपाशी मरते."

माझ्या हातात माइक होता. नवरीची आई खुणा करत होती. मी माइक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडं धावलो. ते खाटेवर होते, दम लागलेला. मी सगळं सांगितलं: नाक शाबूत होतं, पेट्रोलच बदललं होतं. होळीला हवा वाढवायची नव्हती, कमी करायची होती.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाटीवर लिहिलं हुतं का पंपावर?"

"हो काका. बारीक अक्षरांत."

"म्या पाटी कशाला वाचू? मला वास येत हुता की." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजी गाड्या म्याच उपाशी मारल्या. स्वतःच्या हातानं." मग एकदम उठून बसले. "तुमची गाडी आणा. आता बरोबर लावतो."

मी गाडी खाटेपाशी आणली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, कान लावला, इंजिनामागं बोटं फिरवली. फिरवत राहिले.

"स्क्रू कुठं हाय?"

मी मागच्याच वर्षी नवी गाडी घेतली होती. "ह्यात कार्बुरेटर नसतो, काका. किती पेट्रोल, किती हवा, ते गाडी स्वतःच ठरवते."

"मग मला कशाला सांगायला आलासा?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. पोळ्याच्या आधी काका गेले.

माझी गाडी आता बाराही महिने एकाच सुरात सुरू होते. थंडी पडली हे मला हल्ली स्वतःचा स्वेटर घालतानाच कळतं.