धुक्यात कुणीतरी मराठी बोललं

दिल्लीत दाट धुकं उतरलं की ती केस अजूनही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी पहाडगंजच्या बाजूच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या हद्दीत एका तरुणीला गाडीने उडवलं आणि गाडी पळून गेली. आमची व्हॅन पोहोचली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला एकटीच पडली होती. उजव्या मांडीभोवती कुणीतरी सुती कापड करकचून आवळलं होतं. "हे बांधलं नसतं तर ती इथवर आलीच नसती," असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

ती अमरावतीची, केंद्र सरकारच्या नोकरीत. घरोघर फिरून सर्वेक्षण करणं हे तिचं काम. मीही मराठी, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने जबाब घ्यायला मीच बसलो. खिडकीबाहेर धुकं होतं आणि ती त्याच्याकडेच बघत बोलत होती.

"सर, सगळं पांढरं होतं. ढगात झोपल्यासारखं वाटत होतं. दुखत काहीच नव्हतं. आणि एक बाई सारखी म्हणत होती, 'डोळे मिटू नकोस, बाळा. माझ्याकडे बघ.'"

"हिंदीत?"

"नाही, मराठीत. मला वाटलं, आईच आलीय."

तिची आई तर अमरावतीला होती. बाहेर आल्यावर माझा हवालदार म्हणाला, "सर, मैडम को दवाई का नशा है. यहाँ सड़क पर मराठी कौन बोलेगा?" डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. पण स्वप्नातल्या बाईला खरी गाठ मारता येत नाही. मी जबाब तिच्या शब्दांत, जसाच्या तसा लिहून घेतला.

कॅमेऱ्यांत धुक्याशिवाय काही दिसेना. दोन पिवळे डाग सरकत येत आणि विरून जात. गाडी सापडली नसती तर तपास बंद करावा लागला असता. मग अनोळखी वाहनासाठी सरकार देतं तेवढीच ठरावीक मदत तिला मिळाली असती. गेलेल्या पायाचा खरा दावा करायला समोर कुणीच नसतं.

आसपासच्या गॅरेजांना आम्ही कळवून ठेवलं होतं. अशात फरीदाबादहून एका गॅरेजवाल्याचा फोन आला. एका माणसाने पुढची काच आणि बंपर बदलून घेतला होता. नीलगाय आडवी आली म्हणत होता, पण जुने तुकडे आपल्यासमोर मोडून टाका, असा हट्ट धरून बसला होता. "नीलगाय के लिए इतना कौन डरता है, साहब?"

स्थानिक पोलिसांना कळवून आम्ही त्याच्या घरी गेलो. दारावर मराठी आडनावाची पाटी होती. ती वाचून मला जबाबातली बाई आठवली. आत गृहस्थ शांतपणे एकच सांगत राहिले. नीलगाय होती, गाडीत मी एकटाच होतो. इतक्यात त्यांची आई पाणी घेऊन आली.

"नमस्कार, काकू," मी म्हणालो.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मुलगा घाईने म्हणाला, "आई, तू आत जा ना, प्लीज."

त्या गेल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. माणूस प्रश्नांना तयार असतो, शांततेला तयार नसतो, हे ठाण्यात बसून मी शिकलो होतो. शेवटी काकूंनीच विचारलं, "ती मुलगी वाचली का हो?"

मी कुठल्याच मुलीचं नाव काढलं नव्हतं. मुलाने डोकं हातांत धरलं.

काकू निवृत्त परिचारिका होत्या. दोघं स्टेशनवर पाहुण्यांना आणायला निघाले होते. धडक बसताच त्या उतरल्या, साडीची पट्टी फाडून पाय बांधला. तिला गाडीत घे, म्हणून मुलाला विनवत राहिल्या. "लोक जमतील, चल," म्हणत त्याने त्यांनाच ओढून गाडीत बसवलं. "त्या दिवसापासून तो माझ्याशी आज पहिल्यांदा बोलला," त्या म्हणाल्या.

मुलाला अटक झाली आणि माझा अहवाल अपघात दावा न्यायाधिकरणाकडे गेला. विमा कंपनीच्या वकिलाने काकूंना विचारलं, "आरोपी आपका ही बेटा है ना?" "हाँ, मेरा ही है," एवढंच त्या म्हणाल्या आणि सगळी हकिगत सांगितली. मग वकील त्या मुलीकडे वळला. नोकरी शाबूत आहे, काम टेबलाशी बसूनही होईल, मग नुकसान कसलं? ती म्हणाली, "साहब, टेबल पर नहीं बैठना था, इसीलिए तो यह नौकरी ली थी." न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. निकालात तिचं फिरतीचं काम गेल्याचं नुकसान पूर्ण धरलं होतं.

बाहेर व्हरांड्यात काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मुलगी कुबड्या टेकत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. काकूंनी तिची ओढणी सरळ केली.

जखमी माणूस अर्धवट शुद्धीत जे बोलतो ते आधी लिहून घ्यावं, पारखावं नंतर, हे नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगतो. दुसरी गोष्ट स्वतःपुरती ठेवली आहे. गाडी पळाली की आतले सगळेच पळाले, असं मी पूर्वी धरून चालायचो. आता तसं धरत नाही.