आईच्या बाथरूममधली लाल दोरी

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक हसून सोडून दिलेत. मी इलेक्ट्रिकल लाइनमधला. अलार्म वाजला म्हणजे कुठेतरी सर्किट जुळलं – यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. म्हणूनच लिहायला उशीर झाला, असं म्हणता आलं असतं… पण खरं कारण वेगळं आहे.

आई इंग्लंडमध्ये लेस्टरला एकटी राहायची, कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या घरात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली वसाहत. मध्ये हिरवळ, तीन बाजूंना घरं, चौथ्या बाजूला देखरेख करणाऱ्या वॉर्डनचं घर – तिथून प्रत्येक दार दिसावं असं. खिडक्या इतक्या खाली की खुर्चीत बसून बाहेरचं दिसावं. पायरी कुठेच नाही. आणि बाथरूममध्ये छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी अलार्मची लाल दोरी. इथे माणूस पडेल आणि त्याला उठता येणार नाही, हे बांधणाऱ्याने आधीच धरलं होतं.

पुढे कौन्सिलने वॉर्डन काढून टाकला. दोरी ओढली की दूरच्या कॉल सेंटरला वाजायचं. ते भिंतीतल्या स्पीकरवरून विचारायचे, उत्तर नाही आलं तर मला फोन.

आई शेवटपर्यंत पाटावर बसून, बादली-मगाने अंघोळ करायची. हात दोरीला लागायचा, कधी ती त्यावर टॉवेलच टाकायची. लगेच अलार्म. "भिंतीतली बाई विचारते, ऑल राइट, लव्ह? काय सांगू तिला, नागडी बसलेय म्हणून?" आई हसायची. मला मात्र ऑफिसात फोनवर फोन. शेवटी एका रविवारी मी दोरी गुंडाळून वर टबच्या पडद्याच्या दांडीला बांधली. घट्ट.

"बरं केलंस," आई म्हणाली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी कॉल सेंटरचा फोन आला. बाथरूमची दोरी ओढलीय, आई बोलत नाही, पण मगाने पाणी ओतल्याचा आवाज येतोय, बहुधा नेहमीसारखंच असेल. मलाही तसंच वाटलं. मी चहा संपवला आणि निघालो. वाटेत कुठेतरी आठवलं – दोरी तर बांधलेली आहे.

आई फरशीवर होती. थंडगार. फरशी कोरडी, नळ बंद. दोरी वर, माझ्या गाठीसकट, जशीच्या तशी. स्पीकरवरचा अलार्मचा लाल दिवा लागलेला.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग टबच्या कडेवर चढलो आणि गाठ सोडली. आईच्या अंगावर टॉवेल घालायच्या आधी… गाठ सोडली.

पॅरामेडिक म्हणाला, त्या आज सकाळीच गेल्या असणार. दोरीकडे बघून म्हणाला, निदान ओढता तरी आली त्यांना. मी मान डोलावली.

नंतर सिस्टिम तपासली गेली, बिघाड नव्हता. ओली दोरी आखडली असेल, असं कुणी म्हणेल. तसलीच दोरी आणून, भिजवून, मी घरी बांधून पाहिली. काही झालं नाही. आणि त्या पाण्याच्या आवाजाचं काय?

पण हे मी अजून कुणाला विचारू शकलो नाही. कोडं सांगायचं तर गाठ सांगावी लागते.

आमची ताई नागपूरला असते. दर वर्षी आईच्या स्मृतिदिनाला फोनवर म्हणते, "आईचा स्वभावच तसा. जीव गेला तरी कुणाला त्रास देणार नाही. वेळेवर ओढली असती तर वाचली असती रे." आणि मी दरवेळी "हो" म्हणतो. परवा ती हेच आपल्या लेकीला सांगत होती, आजीसारखा हट्टीपणा करू नकोस म्हणून.

ताई, तू हे सदर वाचतेस. आई हट्टी नव्हती. दोरी मी बांधली होती. आईचा हात भिंतीला टेकलेला होता, बोटं उघडी – दोरीचं टोक जिथे लोंबायचं, बरोबर तिथे.

मग दुपारी ती ओढली कुणी… मला खरंच माहीत नाही.